चावलाय ना, मग टीटी दिलं का?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे राहायला आला होता. त्याच्या हट्टापायी रात्री जेवणं झाल्यावर 'फिअर द वॉकिंग डेड' ही झोंबींची, म्हणजे मेल्यावर उठून चावत सुटणाऱ्या माणसांची, मालिका लागली. तो सोफ्यावर आडवा, मी खाली गादीवर टेकून, आणि माझी मावशी, म्हणजे त्याची आजी, खुर्चीत पाय वर घेऊन शेंगा सोलत बसलेली. मावशीने तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली आहेत.

पहिल्याच भागात शाळेतली मुलं मोबाइलवर एक व्हिडिओ बघतात. हायवेवर अपघात झालाय, वरून हेलिकॉप्टरमधून शूटिंग चालू आहे. स्ट्रेचरवरचा माणूस, जो खरं तर मेलेला असायला हवा, उठतो आणि ॲम्ब्युलन्सच्या माणसाला चावतो. पोलीस गोळ्यांवर गोळ्या झाडतात, तरी तो पडता पडत नाही. शेवटी डोक्यात गोळी लागते तेव्हा पडतो. मुलं बघतात, शिक्षक बघतात, आणि मग सगळे आपापल्या घरी जातात. गाड्या चालवतात, एकमेकांना फोन लावत राहतात.

भाचा वैतागला. "अरे, आता तरी पळा ना! एवढे कसे बावळट हे लोक?"

मावशीचं लक्ष वेगळीकडेच होतं. "त्या ॲम्ब्युलन्सवाल्याला चावलाय ना तो? मग त्याला टीटी दिलं का?"

टीटी म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मावशी शांतपणे शेंगा सोलत राहिली. दोन दिवसांनी मात्र माझ्या लक्षात आलं की त्या खोलीत जगाच्या अंताला माणसासारखं उत्तर एकट्या मावशीनेच दिलं होतं.

झोंबींच्या मालिका बघणारे जिथे जमतात तिथे ही तक्रार ठरलेली असते. सुरुवातीला ही माणसं मूर्खासारखी वागतात, डोळ्यांसमोर सगळं घडत असताना मानत नाहीत, आजारी शेजाऱ्याला दार उघडतात, मेलेल्या मास्तरांना नावाने हाका मारत बसतात. आपण असतो तर असं केलं नसतं, हे त्यात गृहीत. मला ही तक्रार चुकीची वाटते. या मालिकांमध्ये सगळ्यात खरी गोष्ट कुठली असेल तर ती सुरुवातीचा हा संथपणाच आहे. खोटं असतं ते त्याच्या पुढे. आणि त्या संथपणाला हसण्याच्या नादात आपण जो प्रश्न विचारायला हवा तो विचारतच नाही.

मुळात या प्रकारच्या कथा सुरुवात दाखवायचीच टाळतात. 'द वॉकिंग डेड' ही २०१० साली सुरू झालेली मालिका घ्या. तिचा नायक रिक ग्राइम्स हा पोलीस गोळी लागून बेशुद्ध होतो आणि हॉस्पिटलात जागा होतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. जगबुडी त्याने झोपून काढली. लेखकांची केवढी मोठी सोय! कोणी काय मानलं, कोणी कोणाला काय सांगितलं, सरकार काय म्हणालं, या कशाचीच उत्तरं द्यावी लागत नाहीत. नियम तयार असतात: डोक्यात मारा, आवाज करू नका, चावला की संपला.

२०१५च्या ऑगस्टमध्ये त्याच घरातली दुसरी मालिका आली ती नेमके हे झोपेत गेलेले आठवडे दाखवायला. तीच आम्ही बघत होतो. लॉस एंजेलिस शहर, पहिल्या सीझनचे जेमतेम सहा भाग. मॅडिसन शाळेत समुपदेशक आहे, तिचा जोडीदार ट्रॅव्हिस तिथेच इंग्रजी शिकवतो. तिचा मुलगा निक हेरॉइनच्या आहारी गेलेला. तो एका ओसाड चर्चमध्ये जागा होतो आणि ओळखीची मुलगी कोणाचे तरी लचके तोडताना बघतो. 'किती रेंगाळलंय' अशी ओरड तेव्हाही झाली होती, आमच्या सोफ्यावरूनही झाली.

पण या माणसांकडे त्या दिवशी काय माहिती होती, ते एकदा मांडून बघू. निकने जे पाहिलं ते व्यसनी मुलाने पाहिलं. त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास नाही. नशेमुळे दिसलं नसेल तर मग मला वेड लागलंय, एवढे दोनच पर्याय त्याला सुचतात. शाळेत मुलं गैरहजर आहेत, तर फ्लूची साथ आहे. आणि सगळ्यात बोलका प्रसंग दुसऱ्या भागातला. पोलीस रस्त्यावर एका बेघर माणसाला गोळ्या घालतात. लोक जमतात, मोबाइल काढतात, घोषणा सुरू होतात. ट्रॅव्हिसचा मुलगा ख्रिस कॅमेरा घेऊन त्यात घुसतो. आपल्याला माहीत आहे की तो बेघर माणूस माणूस उरलेला नव्हता. गर्दीला ते माहीत नाही. गर्दीला माहीत आहे ते १९९२चं लॉस एंजेलिस, जिथे रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारणारे पोलीस सुटले आणि शहर पेटलं. बघणाऱ्यांना आठवत होतं ते आदल्याच वर्षीचं फर्ग्युसन, पोलिसाच्या गोळीने एक निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण गेला ते अमेरिकेतलं गाव. त्या शहरात पोलिसांनी निःशस्त्र माणसाला मारल्याचं दिसलं, तर जमून जाब विचारणं हीच शहाणपणाची गोष्ट होती. चूक निघाली ती फक्त त्या एका दिवशी.

माणूस नवं संकट जुन्या संकटांच्या भाषेत वाचतो. दुसरी भाषा त्याच्याकडे असतच नाही. 'वॉकिंग डेड'चा जन्मदाता रॉबर्ट कर्कमन याने तर सांगूनच टाकलंय की या कथेच्या जगात झोंबींचे सिनेमे कधी निघालेच नाहीत. म्हणजे पात्रांकडे तो शब्दसुद्धा नाही. आपल्याकडे निदान वेताळ आहे, मुंजा आहे. कोकणातल्या एखाद्या वाडीत मेलेला माणूस उठून बसला तर डॉक्टरच्या आधी भगताला निरोप जाईल, पण निरोप जाईल हे नक्की. त्या बिचाऱ्या कॅलिफोर्नियातल्या मंडळींकडे फ्लू, ड्रग्ज आणि पोलीस एवढ्या तीनच गोष्टी होत्या. त्यांनी त्या तिन्ही वापरून पाहिल्या.

आता भाच्याला जे हवं होतं ते करून बघू. समजा मॅडिसनने पहिल्याच दिवशी, व्हिडिओ बघितल्याबरोबर, तापाने फणफणलेल्या शेजारणीच्या डोक्यात हातोडा घातला. मालिकेच्या हिशेबात ती दूरदर्शी ठरेल. पण तापाने फणफणलेल्या शेजारणी जगात रोज असतात, आणि त्यातली एकही उठून चावत नाही. झोंबी आले त्या दिवशी जो बरोबर वागला, तो आदल्या दिवसापर्यंत खुनीच ठरला असता. शेजाऱ्याला पहिल्या संशयावर न मारणं ही शेकडो वर्षं घासूनपुसून अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. दोन-तीन दिवस ती टिकून राहते, याला मी तरी मूर्खपणा म्हणणार नाही.

'फिअर'च्या त्या दुसऱ्याच भागात मॅडिसन मुलाच्या औषधांसाठी रिकाम्या शाळेत जाते. कॉरिडॉरमधून मुख्याध्यापक आर्टी येतात, तोंड रक्ताने माखलेलं. ही बाई त्यांच्याशी बोलायला लागते. नावाने हाक मारते. मागून भाच्याची कॉमेंटरी चालू. शेवटी ती अग्निशामक नळकांडं उचलते आणि त्यांच्या डोक्यात घालते. पण त्याआधीचे ते काही सेकंद बघा. ती राक्षसाशी बोलत नाहीये. कालपर्यंत ज्यांच्या शेजारी उभी राहून ती कामं करायची, त्या माणसाला ती शोधते आहे.

हे सगळं पडद्यावर. प्रत्यक्षात काय होतं त्याचा मला एक छोटा अनुभव आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसात फायर अलार्म वाजला. चौथा मजला, चाळीसेक माणसं. कोणी उठलं नाही. माना वर झाल्या, सगळ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, "ड्रिल असेल." दुसरी म्हणाली, "पण मेल कुठे आलाय ड्रिलचा?" तिसऱ्याचं मत पडलं की पावसाने सेन्सर गेलाय. कोपऱ्यातला एक क्लायंटशी बोलत होता, त्याने मोकळ्या कानात बोट घातलं आणि बोलणं चालू ठेवलं. मी लॅपटॉप लॉक केला, छत्री घेतली, डबा राहिला म्हणून परत फिरलो. पाच-सहा मिनिटं तरी गेली असतील. मग हाउसकीपिंगच्या ताई धावत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, पॅन्ट्रीत धूर झालाय, बसलात काय? चला ना खाली!" त्याबरोबर चाळीसच्या चाळीस माणसं उठली आणि निमूट जिना उतरली. कोणी कोणाला ढकललं नाही. एका गरोदर सहकारी बाईंची बॅग दोघांनी घेतली. पॅन्ट्रीत मायक्रोवेव्ह जळाला होता, बाकी काही नव्हतं.

अलार्म कर्कश होता, पण त्यातून काही कळत नव्हतं. ताई ओळखीच्या होत्या, आणि त्यांनी कुठे काय झालंय ते सांगितलं.

आपत्तीत माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणारे लोक नेमकं हेच कित्येक वर्षं सांगत आले आहेत. एन्रिको क्वारंटेली या समाजशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांबरोबर १९६३ साली अमेरिकेत ओहायोमध्ये आपत्ती-संशोधनाचं केंद्र काढलं, पुढे ते डेलावेअरला गेलं. भूकंप, वादळं, स्फोट, आगी असं ढीगभर पाहिल्यावर त्यांच्या हाती जे लागलं ते सिनेमाच्या अगदी उलट होतं. आंधळी पळापळ फार क्वचित होते. खरी अडचण असते ती लोक हलत नाहीत ही. ते आजूबाजूला बघतात, विचारतात, फोन करतात, दुसऱ्या कोणाकडून खात्री करून घेतात, आणि तोवर नेहमीचीच कामं करत राहतात. एकदा खात्री पटली की बहुतेक वेळा शिस्तीत आणि एकमेकांना धरून निघतात.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांमधून वाचलेल्या अनेकांनी असंच सांगितलं. निघण्याआधी कोणी संगणक बंद केला, कोणी घरी फोन लावला, कोणी चपला बदलल्या. त्यातल्या दक्षिण मनोऱ्यात आणखी एक गोष्ट घडली. पहिलं विमान शेजारच्या मनोऱ्यावर आदळल्यावर लाउडस्पीकरवरून सांगण्यात आलं की ही इमारत सुरक्षित आहे, आपापल्या जागी परत जायला हरकत नाही. मॉर्गन स्टॅन्लीचा सुरक्षाप्रमुख रिक रेस्कॉर्ला याने ते ऐकलं नाही. त्याच मनोऱ्यांखाली झालेल्या १९९३च्या बॉम्बस्फोटानंतर त्याने आपल्या लोकांकडून वर्षानुवर्षं जिने उतरण्याचा सराव करून घेतला होता, लोक कुरकुरत असतानाही. हातात भोंगा घेऊन त्याने सगळ्यांना खाली काढलं. कंपनीची अडीच हजारांहून जास्त माणसं होती, बहुतेक सगळी वाचली. तो स्वतः मागे राहिलेल्यांना आणायला वर गेला तो परत आला नाही.

मला त्या लाउडस्पीकरचा राग येतो, पण त्याहून जास्त त्याची भीती वाटते, कारण तो सगळीकडे सारखाच बोलतो. १६ एप्रिल २०१४ रोजी दक्षिण कोरियात सेवोल ही फेरी बोट कलली तेव्हाही त्याने 'आहात तिथेच थांबा' असंच सांगितलं. आत शाळेची सहल होती. ३०४ माणसं गेली, त्यात २५० मुलं एकाच शाळेची. मुलांनी सांगितलेलं ऐकलं होतं. आठ वर्षांनी तिथलीच 'ऑल ऑफ अस आर डेड' ही झोंबींची मालिका आली. त्यात शाळेत अडकलेली पोरं पोलिसांना फोन करतात तर पलीकडच्या माणसाला ती थट्टा वाटते. वर्गात बसून ती वाट बघतात, कोणीतरी मोठं येईल म्हणून. गच्चीपर्यंत हेलिकॉप्टर येतं आणि वरून हुकूम आला म्हणून त्यांना तसंच सोडून निघून जातं. त्या पोरांना 'मूर्ख, आधीच का नाही पळाली' असं म्हणायला तिथल्या प्रेक्षकाची जीभ रेटली असेल असं मला वाटत नाही.

म्हणून म्हणतो, 'ही माणसं पळत का नाहीत' हा प्रश्नच उलटा आहे. सुलटा प्रश्न असा: कोणाला माहीत होतं, आणि त्याने का सांगितलं नाही?

'द लास्ट ऑफ अस' या आणखी एका मालिकेत हा प्रश्न जरा आडून विचारलेला आहे. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात २६ सप्टेंबर २००३चा दिवस, बापाचा वाढदिवस. नाश्त्याच्या वेळी रेडिओवर जकार्तातल्या गडबडीची बातमी चालू असते आणि घरातले इकडचं तिकडचं बोलत असतात. मुलगी सारा शाळेनंतर बापाचं घड्याळ दुरुस्त करून आणते. दुकान लवकर बंद होतंय, घड्याळवाल्याची बायको घाबरलेली आहे, तिला नुसतं 'घरी जा' म्हणते. का, ते कोणी सांगत नाही. पुढच्या भागात आपल्याला कळतं की दोन दिवस आधीच जकार्तात लष्कराने बुरशीच्या अभ्यासक असलेल्या एका वयस्कर प्राध्यापिकेला जेवणाच्या टेबलावरून उचलून आणलं होतं. ती प्रेत तपासते. अधिकारी लस मागतो. ती म्हणते लस नाही, औषध नाही, शहरावर बॉम्ब टाका. आणि मग विचारते, मला घरी सोडाल का, मला माझ्या माणसांजवळ थांबायचंय. ज्याला सगळ्यात जास्त कळलं होतं तोही शेवटी घरीच निघाला. ऑस्टिनला मात्र यातलं अवाक्षर पोचलं नाही. आणि त्या रात्री सारा मरते ती कुठल्याही झोंबीच्या दातांनी मरत नाही. वायरलेसवर आलेल्या हुकमावरून एक सैनिक गोळी झाडतो.

न सांगण्याचं कारण नेहमी एकच दिलं जातं, घबराट पसरू नये म्हणून. आपल्याला हे वाक्य पाठ आहे. चीनमधल्या वूहानचे डोळ्यांचे डॉक्टर ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी आपल्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर नव्या आजाराबद्दल सावध केलं, तर जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात पोलिसांनी बोलावून अफवा पसरवल्याबद्दल त्यांच्याकडून कागदावर सही घेतली. फेब्रुवारीत ते त्याच आजाराने गेले. मॅडिसनच्या शाळेत टोबायस नावाचा एक पोरगा आहे, चेहऱ्यावर मुरमं, दप्तरात सुरी. हे सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे, कोणी कॉलेजला जाणार नाहीये, असं तो सांगतो. मॅडिसन प्रेमाने त्याची सुरी काढून घेते. बाई वाईट नाही. फक्त, तिच्या कामाच्या यादीत 'घाबरलेल्या मुलाला शांत करणं' हे आहे, 'त्याचं खरं असेल का' हे नाही.

आपल्याकडचा टोबायस मुरमंवाला नव्हता, चांगला नावाजलेला डॉक्टर होता. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एक रोगी तपासला आणि हा गाठीचा प्लेग आहे असं सांगितलं. सरकारने त्यांच्या एकट्याच्या शब्दावर विसंबायचं नाही असं ठरवलं आणि खात्री करायला वेगळे तज्ज्ञ बोलावले. निदान बरोबर निघालं. हा उशीर मला समजतो. मी आत्ताच पात्रांच्या ज्या सावधपणाची बाजू घेतली तो हाच सावधपणा आहे. मला समजत नाही तो त्यानंतरचा उतावळेपणा. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर घुसले. झडत्या, सामानाची फेकाफेक, माणसांना उचलून छावण्यांमध्ये टाकणं, देवघरापर्यंत बूट. पुणेकर प्लेगला भ्यायले नव्हते असं नाही. पण प्लेगचा रोगी घरात लपवावासा वाटला तो सोजिरांच्या भीतीने. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं ते आपण शाळेत शिकलो आहोत. शाळेत आपण ते स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात शिकलो, साथीच्या धड्यात नाही, एवढाच फरक. २०२० साली महाराष्ट्रात कोविडसाठी पहिल्यांदा जो कायदा काढला गेला, तो हाच १८९७चा.

ली क्लार्क आणि कॅरन चेस या दोन अमेरिकी अभ्यासकांनी याला चांगलं नाव दिलंय. मराठीत मी त्याला 'वरच्यांची घबराट' म्हणेन. लोक घाबरतील या भीतीने वरचेच बिथरतात, आणि त्यांच्या हातात बंदुका असतात. २००५च्या ऑगस्टअखेर कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं. आसऱ्याला आलेल्या लोकांमध्ये खून-बलात्कार चालू असल्याच्या बातम्या मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या तोंडून पसरल्या. पुढे त्यातल्या बहुतेक निराधार निघाल्या. प्रत्यक्षात घडलं ते असं की ४ सप्टेंबरला डँझिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र कुटुंबांवर गोळीबार केला आणि त्यात दोन माणसं गेली. त्याच वर्षी, महिनाभर आधी, २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. लाखो माणसं रात्रभर रस्त्यांवर, गाड्यांमध्ये, रुळांवर अडकली. त्या रात्रीच्या आठवणी ज्याला विचाराल तो काय सांगतो? कोणीतरी बिस्किटांचा पुडा दिला, कोणा अनोळखी बाईने घरात घेतलं, हातात हात धरून कमरेएवढ्या पाण्यातून चालत आलो. दुकानं फोडल्याची आठवण मला तरी कोणी सांगितलेली नाही.

झोंबी मालिकांचं खोटं इथे आहे. दोनतीन भागांत त्यांची माणसं एकमेकांची डबाबंद अन्नं पळवायला लागतात, आणि शेवटी 'खरा राक्षस माणूसच' हे सुभाषित येतं. ते मला आता अळणी वाटतं. कुठला माणूस, ते सांगा ना. बिस्किटं देणारा की वायरलेसवर हुकूम देणारा?

एक आक्षेप खरा आहे आणि तो गिळून टाकता येणार नाही. उशीर मारतो. २००९ साली कॅनडातल्या काही गणितज्ञांनी साथीच्या रोगांचं गणित झोंबींना लावून पाहिलं. त्यांचा निष्कर्ष होता की लवकर आणि पुन्हा पुन्हा जोरदार हल्ला केला तरच माणसं टिकतात, नाहीतर सगळं संपतं. शोधनिबंध गमतीचा होता, समीकरणं खरी होती. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो सोफ्यावर उठूनच बसला. "बघ, मी काय म्हणत होतो!" बरोबर आहे त्याचं. पण समीकरणाला प्रत्येक माणूस निरोगी आहे की बाधित ते आधीच माहीत असतं. मॅडिसनला नसतं. ते कळवणं हे ज्याचं काम आहे त्याने ते वेळेत आणि खरं कळवलं, तर संथ माणसंही आमच्या ऑफिसासारखी चटकन उठतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०११च्या मे महिन्यात झोंबी आले तर काय तयारी करावी यावर एक हलकंफुलकं टिपण काढलं, तेव्हा वाचणाऱ्यांच्या गर्दीने त्यांची वेबसाइट बसली. त्या यादीत पाणी होतं, औषधं होती, रेडिओ होता, घरच्यांनी कुठे भेटायचं ते ठरवून ठेवा असं होतं. बंदूक नव्हती.

'फिअर'च्या तिसऱ्या भागाच्या शेवटी लष्कर येतं. ट्रॅव्हिसचा जीव भांड्यात पडतो, आता सगळं ठीक होईल. एल साल्वादोरमधलं यादवी युद्ध बघून आलेला डॅनियल न्हावी खिडकीतून बघतो आणि आपल्या माणसांना म्हणतो, उशीर झाला. भाच्याने त्याला लगेच व्हिलन ठरवून टाकलं. मावशी म्हणाली, "त्याने पाहिलंय रे आधी."

चौथ्या भागात वस्तीभोवती कुंपण आहे. आत लोक अंगण झाडतात, ट्रॅव्हिस सकाळी धावायला जातो. कुंपणाबाहेर कोणी जिवंत उरलं नाही असं अधिकारी सांगतो. ख्रिसला छपरावरून लांबच्या टेकडीवरच्या एका घराच्या खिडकीत उजेड लुकलुकताना दिसतो. ट्रॅव्हिस आधी म्हणतो काचेवर ऊन पडलं असेल. मग नागरिकाचं कर्तव्य म्हणून अधिकाऱ्याला सांगून येतो. रात्री तो स्वतः छपरावर बसतो. तो उजेड लुकलुकतो. मग त्याच खिडकीत वेगळ्या प्रकारचे लखलखाट होतात, एकामागून एक. मग अंधार.

भाचा गप्प होता. शेंगांचं ताट बाजूला ठेवून मावशी पुढे वाकली. "त्या खिडकीत कोण होतं रे?"

"ते दाखवत नाहीत, आजी."

"असं कसं? मागे घे बरं जरा."

त्याने रिमोट उचलला आणि मागे घेतलं.